वॉर्डातला प्रबंध

माझी एक मैत्रीण काही वर्षांपूर्वी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करत होती. सकाळी ओपीडी, दुपारी रुग्णांच्या चाचण्या, संध्याकाळी रिपोर्ट आणि उरलेल्या वेळात प्रबंध, असा तिचा दिवस असे. प्रबंधाचा विषय तिने निवडलेला नव्हता, तिच्या वाट्याला आला होता. एकदा फोनवर वैतागून म्हणाली, "लोकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, बाइंडिंग करून लायब्ररीत ठेवून द्यायचं. वाचणार कोण? मी इथे माणसांवर उपचार करायला शिकायला आले ना?"

मी सॉफ्टवेअरवाला, माझ्याकडे याचं उत्तर असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे नवा माणूस रुजू झाला की त्याला एखादा बारीकसा बग सोडवायला देतात. बग सुटला तर बरंच, पण त्यामागचा खरा हेतू वेगळा असतो: त्या निमित्ताने त्याने अख्ख्या सिस्टिममधून एकदा फिरून यावं. प्रबंधामागेही असाच काही हेतू असेल असं मला वाटलं, आणि त्या कुतूहलापोटी मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. तेव्हा लक्षात आलं, की मैत्रिणीचा प्रश्न चांगला शंभर वर्षं जुना आहे. वॉर्डात शिकणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने संशोधन का करायचं, यावर परिषदा भरल्या आहेत, भांडणं झाली आहेत, वेगळ्या पदव्या निघाल्या आहेत. आणि एकदा तर चुकीच्या पद्धतीने केलेल्या अशा कामाची किंमत एका मुलीने जन्मभर मोजली आहे.

*

सुरुवात एका शाळकरी मुलापासून होते. मार्च १८९६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका शिक्षिकेने आपला चौदा वर्षांचा विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विट्मरकडे आणला. मुलगा एरवी हुशार, पण त्याला स्पेलिंग काही केल्या जमेना. विट्मर लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेत शिकून आलेला. मानसशास्त्र जर मनाचं शास्त्र असेल तर त्याचा या मुलाला उपयोग व्हायला हवा, असा शिक्षिकेचा साधा हिशेब होता. विट्मरने मुलाला तपासलं. त्याची नजर अधू असल्याचं आढळलं. मग चष्मा आणि जोडीला खास शिकवणी, असा उपाय ठरला. त्या एका मुलापासून जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू झालं. १९०७ मध्ये विट्मरने एक नियतकालिक काढलं आणि त्यातल्या लेखात या नव्या कामाला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नाव दिलं.

विट्मरच्या डोक्यात रुग्णाला मदत, नव्या ज्ञानाचा शोध आणि विद्यार्थ्यांचं शिक्षण ही तीन कामं वेगळी नव्हतीच. तिन्ही एकाच खोलीत, एकाच मुलाच्या निमित्ताने व्हायची होती. पुढच्या सगळ्या वादांचं मूळ असं, की या तीन गोष्टी हळूहळू तीन वेगळ्या खोल्यांत गेल्या.

*

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या संस्थेत राहून शिकायचं, म्हणजे इंटर्नशिप करायची, ही पद्धत साधारण १९०८ पासून न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथे सुरू झाली. तिथे 'मंदबुद्धी' ठरवलेल्या मुलांसाठी निवासी शाळा होती आणि हेन्री गॉडर्ड तिच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. फ्रान्समधली बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत आणणारा तो हाच. त्याच्या हाताखाली तरुण मुली क्षेत्रकार्य करत. मुलांच्या घरी जायचं, नातेवाइकांना भेटायचं आणि घराण्यात कोण 'मंदबुद्धी' होतं याची वंशावळ तयार करायची, असं त्यांच्या कामाचं स्वरूप होतं.

या कामातून १९१२ मध्ये गॉडर्डचं 'कॅलिकॅक घराण्या'वरचं पुस्तक आलं. शाळेतल्या एका मुलीची, पुस्तकात तिचं नाव डेबोरा ठेवलं आहे, सहा पिढ्यांची कुंडली त्यात मांडली होती. एकाच पूर्वजापासून निघालेल्या दोन शाखा: एक सभ्य आणि यशस्वी, दुसरी दारुड्या, गुन्हेगार आणि मंदबुद्धी लोकांची. निष्कर्ष असा, की बुद्धीची कमतरता रक्तातून येते आणि अशा लोकांना मुलं होऊ देऊ नयेत. माहिती गोळा करण्याचं बरंचसं काम एलिझाबेथ काइट या कार्यकर्तीने केलं होतं. जिवंत माणसांबद्दलचा निर्णय ती घरातल्या थोड्या वेळाच्या भेटीवरून देई. मेलेल्यांबद्दलचा निर्णय शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणींवरून. कुणालाही चाचणी दिलेली नसायची.

पुस्तक प्रचंड गाजलं. सक्तीच्या नसबंदीचे कायदे त्या काळात अमेरिकेतल्या राज्यांत होत होते. त्यामागच्या विचाराला अशा पुस्तकांनी शास्त्राचा मुलामा दिला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही असा एक कायदा उचलून धरला. गॉडर्डने १९२८ मध्ये स्वतःची काही मतं मागे घेतली आणि पुढच्या संशोधकांनी ती वंशावळच चुकीची असल्याचं दाखवून दिलं. पण डेबोराला त्याचा काय उपयोग? वयाच्या आठव्या वर्षी ती व्हाइनलँडला आली होती. उत्तम शिवणकाम करी, सुतारकाम करी, कॉर्नेट वाजवी. १९७८ मध्ये वारली तेव्हाही ती संस्थेतच होती.

काइट आळशी नव्हती, अप्रामाणिकही नव्हती. भरपूर फिरली, भरपूर नोंदी केल्या. पण आपण चुकत असू तर ते आपल्याला कळणार कसं, हा प्रश्न तिच्या कामाच्या आराखड्यात कुठेच नव्हता. कामाला लागलेल्या नवख्या माणसाला तो प्रश्न आपसूक पडत नाही. तो शिकवावा लागतो.

*

तो शिकवण्याची रीत बसवणाऱ्या माणसाची स्वतःची पीएच.डी. अडली होती, ही मला या इतिहासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट.

डेव्हिड शॅको १९०१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मला. हार्वर्डमध्ये शिकला. पीएच.डी.साठी त्याने जाणिवेच्या उंबरठ्याखालच्या संवेदनांवर प्रयोग केले आणि हाती काहीच लागलं नाही. लग्न झालेलं, पैशांची गरज. १९२८ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर सरकारी मनोरुग्णालयात नोकरी धरली. तात्पुरती म्हणून धरलेली ही नोकरी अठरा वर्षं चालली.

वूस्टरला त्या वेळी स्किझोफ्रेनियावर मोठं संशोधन चालू होतं. त्याला पैसा पुरवणाऱ्यांत कॅथरीन मॅकॉर्मिक ही श्रीमंत बाई होती. तिच्या नवऱ्याला हा आजार होता आणि त्याचं मूळ शरीरातल्या ग्रंथींमध्ये सापडेल अशी तिला आशा होती. शॅको मानसशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. विभागात इंटर्न येत, रुग्णांच्या चाचण्या घेत आणि त्याच रुग्णांवरच्या प्रयोगांत सहभागी होत.

त्यातला एक प्रयोग सांगतो, कारण तो अगदी सोपा आहे. रुग्णाने एका बटणावर बोट ठेवायचं. आधी 'तयार राहा' असा इशारा होतो. थोड्या वेळाने खरा संकेत येतो, तो आला की बोट उचलायचं. इशारा आणि संकेत यांतलं अंतर कधी दर खेपेला सारखं ठेवायचं, कधी बदलतं. निरोगी माणसाला अंतर सारखं असल्याचा फायदा होतो: पुढे काय येणार हे ठाऊक असल्याने बोट लवकर उचललं जातं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनाही हा फायदा होई, पण अंतर अगदी थोडं असेल तरच. काही सेकंदांच्या पुढे तो नाहीसा होई, कधी उलट तोटाच होई. इलियट रॉडनिक आणि शॅको यांनी १९४० मध्ये हे निष्कर्ष मांडले. त्यांचा अर्थ असा, की रुग्णाला प्रतिक्रिया देता येते, पण तिच्यासाठीची तयारी मनात धरून ठेवता येत नाही. मधल्या वेळात बारीकसारीक गोष्टी त्याला ओढून नेतात. आजाराविषयीचा हा एक नेमका, तपासता येण्याजोगा मुद्दा होता आणि तो एका बटणातून निघाला होता.

याच काळात शॅको आणखी एक गोष्ट करत होता, ती मला प्रयोगाइतकीच महत्त्वाची वाटते. बुद्धिमापन चाचणीत रुग्णाला कमी गुण मिळाले, तर ते बुद्धी घसरल्यामुळे मिळाले की त्याने नीट लक्ष दिलं नाही म्हणून? हे ठरवण्यासाठी चाचणी घेताना रुग्णाचं सहकार्य कितपत होतं, मिळालेला निकाल त्याच्या खऱ्या कुवतीचा निदर्शक मानता येईल का, याचीही नोंद व्हायची. चाचणी तीच बिनेच्या घराण्यातली, जी गॉडर्डने अमेरिकेत आणली होती. पण इथे आकड्याशेजारी आकड्याबद्दलची शंकाही लिहिली जात होती. पुढे शॅकोचा पीएच.डी.चा प्रबंधही स्किझोफ्रेनियात बुद्धी कशी आणि कितपत ढासळते यावरच झाला. हार्वर्डने त्याला पदवी दिली १९४२ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. प्रयोगशाळेत अडलेली पीएच.डी. वॉर्डात पुरी झाली.

१९३८ च्या एका लेखात शॅकोने इंटर्नशिपचं वर्ष कशासाठी असतं ते सांगितलं आहे. तंत्रांवर हात बसावा. मनोविकार पुस्तकाबाहेर, जवळून, पुरेसे पाहून व्हावेत. प्रयोगाची वस्तुनिष्ठ दृष्टी यावी. आणि डॉक्टर, समाजकार्यकर्ते वगैरे इतर मंडळी कसा विचार करतात हे कळावं. शेवटच्या मुद्द्यात मला आजच्या 'लीडरशिप प्रोजेक्ट'चं बीज दिसतं. आपला प्रश्न इतरांना पटवून त्यांना सोबत घ्यायचं असेल, तर आधी त्यांची भाषा यायला हवी.

*

दुसरं महायुद्ध संपलं आणि या छोट्या प्रयोगाचं राष्ट्रीय धोरण झालं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांमध्ये दाखल असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मनोविकारांचे किंवा मज्जाविकारांचे रुग्ण होते. मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नव्हते. म्हणून व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशन या खात्याने २२ विद्यापीठांशी मिळून सुमारे २०० प्रशिक्षणार्थी घेतले, त्यांना अर्धवेळ पगार दिला आणि नोकरीसाठी डॉक्टरेटची अट घातली. पुढच्या वर्षी शॅकोच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चार वर्षांचा आराखडा दिला: तिसरं वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप, चौथ्या वर्षी प्रबंध. ऑगस्ट १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी सत्तरेक लोक दोन आठवडे बसले आणि त्यांनी यावर शिक्कामोर्तब केलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा शास्त्रज्ञही असेल आणि उपचारकही, हे 'बोल्डर मॉडेल'.

इतक्या तरुणांवर सरकार पैसा खर्च करणार, तर निवड नीट व्हायला हवी. म्हणून मिशिगन विद्यापीठात लोवेल केली आणि डोनाल्ड फिस्क यांनी या प्रशिक्षणार्थींचाच अभ्यास मांडला. त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांना शाईचे डाग दाखवले, आत्मचरित्रं लिहायला लावली, वस्तुनिष्ठ चाचण्या दिल्या. मग तज्ज्ञांना विचारलं, यातला कोण चांगला निघेल? निष्कर्ष १९५१ मध्ये पुस्तकरूपाने आले. अर्जाची फाइल आणि साध्या वस्तुनिष्ठ चाचण्या यांवरून जेवढा अंदाज येत होता, त्यात मुलाखतीने आणि शाईच्या डागांनी फारशी भर पडली नाही. ज्या साधनांनी रुग्णांना ओळखायचं शिक्षण हे तरुण घेत होते, ती साधनं खुद्द त्यांना ओळखताना कमी पडली होती! आपल्या पद्धतीवरच हत्यार चालवायची एखाद्या व्यवसायाची तयारी असू शकते, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

मात्र बोल्डरचं स्वप्न प्रत्यक्षात उतरलं का? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांनी पदवीनंतर केलेलं प्रकाशित संशोधन मोजलं गेलं, तेव्हा सर्वांत जास्त वेळा आढळलेला आकडा होता शून्य. प्रबंध लिहायचा, पदवी घ्यायची आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, हाच बहुतेकांचा रिवाज. मग डोनाल्ड पीटरसनने १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात नवी पदवी काढली, डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी. तिच्यात भर उपचारावर होता. १९७३ मध्ये व्हेल इथल्या परिषदेने या वाटेलाही मान्यता दिली. माझ्या मैत्रिणीचा प्रश्न तिच्या जन्माच्या कितीतरी आधी एका अख्ख्या परिषदेने विचारला होता.

मला वाटतं, तो शून्याचा आकडा आपण चुकीचा वाचतो. छापलेले लेख मोजून वॉर्डातल्या संशोधनाची किंमत कळत नाही. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात माँटी शपिरो १९५० च्या दशकात वेगळीच रीत शिकवत होता. तिथे प्रशिक्षणार्थीने शंभर रुग्णांची सरासरी काढायची नव्हती. समोरच्या एका रुग्णाबद्दल एक अंदाज बांधायचा आणि तो खरा की खोटा हे त्याच रुग्णासोबत प्रयोग करून तपासायचं. १९५६ चा त्याचा एका सहकाऱ्यासोबतचा अभ्यास वाचता न येणाऱ्या एका मुलाबद्दल आहे. त्या मुलाची अडचण नेमकी कुठे आहे हे शोधणं आणि त्याला शिकवणं, दोन्ही त्याच अभ्यासात. साठ वर्षांनी गोष्ट पुन्हा विट्मरच्या खोलीत परत आली होती.

*

संशोधनाच्या जोडीला हल्ली प्रशिक्षणार्थींना 'नेतृत्वा'चे प्रकल्पही देतात: विभागातली एखादी पद्धत सुधारा, सहकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या. चांगलंच आहे. पण प्रशिक्षणार्थींच्या नेतृत्वाचा या क्षेत्रातला सगळ्यात ठळक प्रसंग कुणीही नेमून दिलेला नव्हता. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष जॉर्ज मिलर यांच्या भाषणाचा विषय होता, मानसशास्त्र लोककल्याणासाठी कसं वापरावं. त्या सभेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचे सदस्य मंचावर गेले आणि त्यांनी आपल्या मागण्या मांडल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि प्राध्यापक घ्या, शिष्यवृत्त्यांची माहिती पोचवा, आणि विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये काम करण्याचा खरा अनुभव द्या.

शेवटची मागणी नीट पाहा. आम्ही कुणामध्ये शिकतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. व्हाइनलँडच्या कार्यकर्त्या गरिबांच्या घरी निर्णय घेऊन गेल्या होत्या. हे विद्यार्थी म्हणत होते, आम्हाला त्या घरांमध्ये शिकायला जायचं आहे. प्रशिक्षणार्थी नवखा असतो, म्हणून जुन्यांच्या डोळ्यांना सवयीने दिसेनासं झालेलं त्याला दिसतं. त्याच्या नेतृत्वाचं भांडवल तेवढंच, आणि ते फार दिवस टिकत नाही. दोन-तीन वर्षांत त्यालाही सवय होते.

*

आपल्याकडे ही परंपरा बंगळुरूमार्गे आली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची शिफारस होती. १९५४ मध्ये बंगळुरूला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झाली, तीच आजची निम्हान्स. पुढच्याच वर्षी तिथे मेडिकल सायकॉलॉजीचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू झाला. पुढे त्याचं एम.फिल. झालं. वॉर्डात काम आणि सोबत प्रबंध, ही त्याची घडण. आता २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. तिच्या जागी जे काही येईल त्यात प्रबंधाला किती गुण असावेत यावर चर्चा होईल, व्हायलाच हवी. त्या चर्चेत शॅकोची ती शंकेची नोंद कुणाच्या तरी लक्षात राहावी, एवढंच मला वाटतं. उद्या हे विद्यार्थी माणसांबद्दल रिपोर्ट लिहिणार आहेत. त्या रिपोर्टांवरून कुणाला शाळेत सवलत मिळेल, कुणाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल, कुणाला नाकारलं जाईल.

मैत्रिणीचा प्रबंध वेळेत पुरा झाला, बाइंडिंग होऊन लायब्ररीत गेला. तो कुणी वाचला की नाही, ठाऊक नाही. पण ते काम चालू असताना तिला एक गोष्ट खटकली होती. बाहेरगावचे रुग्ण पहाटेची एसटी पकडून येत, नंबर लावून बसत आणि त्यांच्या चाचण्या लागत दुपारी तीन-साडेतीनला. तोवर पोटात एक वडापाव आणि चहा. लक्ष किती टिकतं, हे मोजणारी चाचणी तिने अशा माणसांना दिली होती आणि गुण कमी आल्याचं रिपोर्टात लिहिलं होतं.

मग ती प्रत्येक कागदाच्या समासात चाचणीची वेळ आणि रुग्ण जेवला आहे का, एवढं लिहायला लागली. प्रबंधाशी त्याचा काही संबंध नव्हता. दोनेक महिन्यांनी तिने ते कागद मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले. मग ओपीडीच्या सिस्टर आणि केसपेपर काढणारे काका यांच्याशी बोलून असं ठरलं, की लांबून येणाऱ्यांच्या चाचण्या सकाळी आधी घ्यायच्या. ती तिथून बाहेर पडली तेव्हा हे चालू होतं.

"याला काही प्रोजेक्ट म्हणत नाहीत," ती म्हणाली होती. मी तेव्हा मान डोलावली होती. आज डोलावणार नाही.